निळ्या खड्याचं नाव

क्वार्ट्झ ऋण निघाला तेव्हा मी आधी चष्मा पुसला.

मग भिंग पुसलं, काचपट्टी पुसली, खिडकीचा पडदा नीट ओढून घेतला आणि पुन्हा डोळा लावला. क्वार्ट्झ ऋणच. आता हे सांगावं तरी कुणाला? क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल की क्वार्ट्झ धन असतो. माणसाला जसा रक्तगट असतो तसं खनिजाला हे धन-ऋण चिन्ह असतं, आणि ते कुणाच्या मर्जीनं बदलत नाही. पाहायची रीतही सोपी. कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, पितळी चौकटीतली जिप्समची पातळ काच मध्ये सरकवायची आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात रंग कुठला येतो ते बघायचं. निळा आला तर धन, पिवळा आला तर ऋण. काही खनिजांना थोडी जास्त उठाठेव लागते, पण गोम तीच.

माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ निळा कोपरा होता. म्हणजे धन. पण हा सूक्ष्मदर्शक हर्डीकर सरांचा होता, आणि त्याच्या बुडाशी पांढऱ्या ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलेलं होतं, ‘उलट’. या सूक्ष्मदर्शकात दिसेल त्याच्या उलटं वाचायचं, हे आमच्या विभागात प्रत्येक जण ऐकूनच वाढलेला. देवळात शिरताना चपला काढतात तितकंच ते साधं होतं. म्हणून मी धनाचं ऋण केलं, आणि गारगोटी माझ्या अंगावर आली.

“मामा,” मी हाक मारली. ढवळे मामा म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई. ते दाराशी बसून नमुन्यांवरची धूळ झटकत होते. “या सूक्ष्मदर्शकात उलटंच वाचायचं ना?”

“मग? खाली लिवलंय की.”

“कुणी लिहिलं?”

“सायबांनी. फार वर्सांमागं काच पडली होती, ती चष्मेवाल्यानं बसवून दिली पण आडवी बसवली. तवा सायबांनी चिकटपट्टीवर लिवून लावलं. पुढं ती चिकटपट्टी कुठं गळून पडली कुणाला ठावं. मग म्याच रंगानं काढलं.” मामांनी फडकं झटकलं. “आता जातंय व्हय!”

मी कॅल्साइट लावून पाहिलं. ते हमखास ऋण असतं. उलटं वाचल्यावर ते धन निघालं. मी स्टुलावर बसून राहिलो. म्हणजे एकतर पृथ्वीवरची सगळी खनिजं दुपारच्या जेवणानंतर फिरली होती, नाहीतर या सूक्ष्मदर्शकात उलटं असं काही नव्हतंच. आणि तसं असेल तर तिसऱ्या काचपट्टीवरच्या निळ्या कणाचं काय करायचं?

त्या कणासाठीच तर मी शनिवारी दुपारी तिथं बसलो होतो.

मी तेव्हा नुकताच एम.एस्सी. होऊन त्याच विभागात तात्पुरता शिकवायला लागलेलो. मूळचा जुन्नरकडचा, पुण्यात खोली घेऊन राहणारा, आणि हर्डीकर सरांचा भक्त. सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांनी आयुष्यभर पुष्कळ काम केलं, पण लोकांना ते ठाऊक होते एका निळ्या खड्यामुळे. पुण्याच्या पूर्वेला दगडाच्या ज्या खाणी आहेत, त्यांतल्या एका खाणीत सुरुंग उडाल्यावर काळ्या दगडाच्या पोकळीत हा मुठीएवढा निळा गुच्छ सापडला. खाणवाल्यानं तो सरांकडे आणला. तसा निळा दगड तिकडे बराच निघतो. त्याला कॅव्हन्साइट म्हणतात. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी यांचा तो बनलेला. पण त्याचं एक भावंड आहे, पेंटागोनाइट. माल तोच, मापही तेच, फक्त आतली रचना वेगळी. एकाच बेसनाचे लाडूही होतात आणि वड्याही होतात, तसं. कॅव्हन्साइटचे गोल गोंडे होतात, पेंटागोनाइटच्या लांबट सळ्या होतात, आणि कधीकधी त्या जुळून पाच पाकळ्यांची चांदणी होते. पेंटागोनाइट फार दुर्मीळ.

सरांच्या खड्याची पंचाईत अशी की सुरुंगानं तो चेपला होता. त्यात धड गोंडा नव्हता की धड चांदणी नव्हती. मग उरलं चिन्ह. कॅव्हन्साइट धन, पेंटागोनाइट ऋण. सरांनी त्याच दिवशी कण लावला आणि दुपारपर्यंत जाहीर केलं, पेंटागोनाइट! त्या खाणीतला पहिला. शोधनिबंध छापून आला, सत्कार झाला, खडा काचेच्या पेटीत बसला. आता मुंबईच्या एका संग्रहालयाचे डॉ. दस्तूर सोमवारी तो खडा न्यायला येणार होते. तिथं तो सरांच्या नावासकट कायमचा मांडला जाणार होता.

शुक्रवारी सरांनी त्यांच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मखमली खोळ घातलेला तो मोठा सूक्ष्मदर्शक सर आताशा स्वतःही फारसा वापरत नसत. विद्यार्थ्यांना तर तो लांबूनच दाखवायचे. “दस्तूर यायच्या आधी एकदा बघून ठेव,” सर म्हणाले. “जे दिसेल ते मला सांग.”

मी हरखून गेलो होतो. आणि आता निळा कण समोर होता. दिसायला धन. उलटं वाचलं तर ऋण, म्हणजे पेंटागोनाइट, म्हणजे सरांचं नाव मुंबईत. सरळ वाचलं तर खाणीवर टोपलीनं निघतो तसला कॅव्हन्साइट. त्यात भर म्हणजे खनिज मुळात निळं, त्यातून दिसणारा कोपरा निळा, बघून बघून माझ्या डोळ्यांपुढे सगळंच निळं व्हायला लागलं. मी तिन्ही काचपट्ट्या रुमालात गुंडाळल्या आणि समोरच्या खोलीत गेलो.

समोरची खोली डॉ. मृणालिनी सबनीस यांची. मॅडम एके काळी सरांच्या सर्वांत लाडक्या विद्यार्थिनी होत्या. पण मी विभागात आलो तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. मधला बोळ दहा पावलांचाही नसेल, पण एकमेकांना काही सांगायचं तर मामांना पाठवायचे. बैठकीत सर भिंतीकडे बघून म्हणायचे, “डॉ. सबनीस यांना परीक्षेचा आठवडा चालेल का, विचारा.” मॅडम खिडकीकडे बघून म्हणायच्या, “चालेल, सांगा.” कशावरून बिनसलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

“मॅडम, एक कण बघता का?”

त्यांनी आपल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. “क्वार्ट्झ.”

“धन आहे?”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “अरविंद, तुला ताप आहे का?”

“आणि हा?” मी निळ्या कणाची काचपट्टी पुढे केली.

यावेळी त्यांनी बराच वेळ डोळा हलवला नाही. तबकडी फिरवली, काच आत सरकवली, बाहेर काढली, पुन्हा सरकवली. मग मान न उचलता विचारलं, “हा कुठून आणलास?”

मी रुमालाची घडी घालायला लागलो. 

“धन आहे,” त्या म्हणाल्या. “कॅव्हन्साइट.”

“पण सरांच्या सूक्ष्मदर्शकावर उलट लिहिलंय, मॅडम, आणि त्यात—”

“अजून?” त्या ताडकन उठल्या. “परत कुणी लिहिलं ते?”

“ऑइलपेंटनं. मामांनी.”

मॅडम हसायला लागल्या. अगदी खो-खो हसल्या, टेबलाचा आधार घेऊन. मला वाटलं, चला, काहीतरी गंमत आहे, आता सांगतील. पण बघता बघता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी पाठ फिरवली.

“मी सरांना काय सांगू?” मी विचारलं.

“जे दिसलं ते.”

“तुम्ही एकदा बोलाल का त्यांच्याशी?”

“मी बोलले होते,” त्या म्हणाल्या. “एकदाच. आता परत नाही बोलणार. काचपट्ट्या उचल तुझ्या.”

बाहेर बोळात येऊन मी उभा राहिलो. एका हाताला सरांचं दार, दुसऱ्या हाताला मॅडमचं. एकाच कणाला या दारात एक नाव, त्या दारात दुसरं. माझं डोकं पार चक्रावलं होतं. सर चुकले म्हणावं तर जीभ वळत नव्हती, आणि मॅडम चुकल्या म्हणावं तर गारगोटी त्यांच्या बाजूनं साक्ष देत होती. मामांनी विचारलं, “सायेब, झालं का काम?” मी हो म्हणालो आणि नाही अशी मान हलवली.

रविवारी सकाळी कोथरूडला सरांच्या घरी गेलो. सर गच्चीत बसून मटार सोलत होते. काकूंनी मला पाहिलं आणि त्यांना आनंद मावेना.

“बरं झालं आलास, अरविंद. उद्या ते दस्तूर आपल्याकडे जेवायला आहेत. पारशी माणसाला अळूवड्या चालतील ना रे? यांना नवा सदरा आणलाय, तर म्हणतात जुनाच बरा. तूच सांग आता. मुंबईच्या म्युझियममध्ये नाव लागणार, आणि सदरा जुना?”

“नवाच घाला सर,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

काकू आत गेल्या. सरांनी एक शेंग फोडली. “बघितलास?”

“हो सर.”

“काय आलं?”

“सर, तुम्ही तेव्हा उलटं—”

“काय आलं ते विचारलं.”

“सर, क्वार्ट्झ ऋण आला,” मी बोलून गेलो.

सरांचा हात थांबला. मटाराचे दाणे परातीऐवजी फरशीवर पडले, आणि ते उचलायला आम्ही दोघंही वाकलो नाही.

“तू आधी क्वार्ट्झ लावलास,” ते सावकाश म्हणाले.

“तुम्हीच शिकवलंय सर. अनोळखी खनिज लावायच्या आधी ओळखीचं लावून बघायचं. उपकरण खरं बोलतंय की नाही ते आधी तपासायचं.”

“हो,” सर म्हणाले. “शिकवलंय खरं.”

मला वाटलं ते रागावतील. निदान उठून आत जातील. पण ते शेंग हातात फिरवत बसले, आणि मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

“चष्मेवाल्यानं काच आडवी बसवली होती, ते खरं आहे. आम्ही कितीतरी वर्षं उलटं वाचलं. मग एका दिवाळीच्या सुट्टीत मृणालिनीनं ती सोडवून सरळ बसवली. स्वतःच्या हातानं, नीट चिकटवून. चिकटपट्टीही काढून टाकली. मला सांगितलं नाही. का, तर सर सुट्टीवरून येतील, आधी क्वार्ट्झ लावतील, चकित होतील. पोरीला गुरूची गंमत करायची होती.” सर थांबले. “मी आलो, आणि त्याच सकाळी खाणवाला तो खडा घेऊन आला. मी क्वार्ट्झ लावला नाही. थेट निळा कण लावला. सवयीनं उलटं वाचलं. चिकटपट्टी नाही हेही लक्षात आलं नाही. दुपारपर्यंत मी पेढे वाटले होते.”

“मग मॅडमनी सांगितलं?”

“दुसऱ्या दिवशी. दार लावून घेऊन, हात जोडून सांगितलं. मी म्हणालो, माझ्या उपकरणाला हात लावलासच का?” सरांनी डोळे मिटले. “एवढंच बोललो. त्यानंतर ती माझ्या खोलीत आली नाही, आणि मी बोलावलं नाही.”

“पण सर, निबंध तर नंतर छापून आला.”

“पेढे वाटले होते रे,” सर म्हणाले.

 ज्या माणसाच्या शब्दावर मी दगडाला नावं द्यायला शिकलो, तो माणूस माझ्यासमोर शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून बसला होता. मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं.

“मग मामांनी रंगानं उलट लिहिलं तेव्हा?”

“मी गप्प बसलो. ते अक्षर रोज बघत होतो.”

“आणि आता मला कशाला बघायला लावलंत?”

“किल्ली देताना मी तुला उलटं वाच असं म्हणालो होतो का?”

मी आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले. जे दिसेल ते सांग, एवढंच म्हणाले होते.

“मला वाटलं, तू सरळ वाचशील,” सर म्हणाले. “सोमवारी दस्तूरांसमोर सहज बोलून जाशील की सर, मला तर हा कॅव्हन्साइट दिसतो. मग मी म्हणेन, अरे, असं का? बघू बघू. आणि ते ओझं माझ्या तोंडून न निघताच उतरेल. भित्रेपणा आहे, अरविंद. पण माझ्या अंगात तेवढंच बळ उरलं होतं.”

“सर, मी उद्या काहीच बोलणार नाही,” मी घाईघाईनं म्हणालो. “तुम्ही म्हणाल तेच बरोबर. दस्तूरांना काय कळतंय? काकूंनी सदरा आणलाय. तुम्ही पेंटागोनाइट म्हणा, मी मान हलवीन.”

सर एकदम उसळले. “हेच शिकवलं का मी तुला? गारगोटी ऋण म्हणायला लागली तर तू मान हलवणार?”

तेवढ्यात काकू अळूवड्यांची ताटली घेऊन गच्चीत आल्या. “काय झालं ओरडायला? पोरगा घाबरलाय बघा.”  मी एक अळूवडी तोंडात कोंबली आणि चव कळायच्या आत जिना उतरलो.

त्या रात्री मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. सर काय करतील याचा अंदाज येत नव्हता, आणि त्यांनी काय करावं असं मला वाटतं, तेही मला कळत नव्हतं. खरं बोलावं असं वाटायचं. मग काकूंचा चेहरा आठवायचा.

सोमवारी डॉ. दस्तूर वेळेआधीच हजर. गोरेपान, थुलथुलीत, कोटाच्या खिशातून हातभिंगाची दोरी लोंबणारा माणूस. खड्यापुढे उभे राहून ते लहान मुलासारखे खूश झाले. “काय कलर छे, हर्डीकर साहेब! आमच्याकडे जगभरचा निळा दगड छे, पण हा तर एकदम फर्स्ट क्लास. मी कार्ड लिहूनच आणलंय. फक्त तुमचं नाव नीट तपासून घ्या.”

सर नवा सदरा घालून आले होते. त्यांनी कार्ड हातात घेतलं नाही. “एक मिनिट,” म्हणाले आणि खोलीबाहेर गेले. मी दारातून पाहिलं. सर बोळ ओलांडून मॅडमच्या दाराशी उभे होते. दार उघडंच होतं, तरी त्यांनी टकटक केलं.

“मृणालिनी, जरा येतेस? दस्तूरांना काही सांगायचंय. ते तुझ्यासमोर सांगायचंय.”

मामांच्या हातातलं फडकं खाली पडलं. मॅडम उठून आल्या. पदर सावरून सरांच्या मागं आत येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

सरांनी सगळं सांगितलं. काच, चिकटपट्टी, पेढे, दार लावून झालेलं बोलणं. त्यांनी स्वतःला कुठं सूट दिली नाही आणि मला वगळलंही नाही. “या मुलानं परवा क्वार्ट्झ लावला. मी लावला नव्हता. दस्तूर, हा कॅव्हन्साइट आहे. माझ्या विद्यार्थिनीनं तो तेव्हाच ओळखला होता. ते कार्ड फाडा.”

मला वर बघवेना. बुटांच्या नाड्या बघत मी उभा होतो. मॅडम भिंतीपासून हलल्या नव्हत्या. शेवटी दस्तूरांनीच घसा साफ केला.

“साहेब, कॅव्हन्साइट तर कॅव्हन्साइट. सुंदर तर छेच. मी घेऊन जातो. आमच्याकडे एक्स-रे करतात, वेगवेगळ्या जागेचे कण घेऊन. ते झालं की नवं कार्ड लिहू.” त्यांनी जुनं कार्ड खिशात घातलं, फाडलं नाही. मॅडम निघून गेल्या. दस्तूर सरांच्या घरी जेवायला गेले, आणि अळूवड्या त्यांना फार आवडल्या असं काकूंनी मला नंतर सांगितलं. बाकी काकू काही बोलल्या नाहीत.

सर निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात मॅडम दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, पण बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं, त्या सोमवारनंतर सगळं नीट होईल. काहीच झालं नाही. खरं बोलल्यावर माणसाला काहीतरी मिळायला हवं असं मला तेव्हा वाटायचं, आणि सरांना तर जे होतं तेही गेलं होतं. मी फार उदास झालो.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मॅडम बोळातून अनवाणी धावत आल्या. चपला खोलीतच राहिल्या होत्या.

“अरविंद! दस्तूरांचा फोन आला. पेंटागोनाइट आहे!”

“काय?”

“खडा! वरचा थर कॅव्हन्साइट. तू लावलास तो कण वरचा, सरांनी लावला तोही वरचाच. पण आत, जिथं तो चेपलाय ना, तिथं सगळ्या सळ्या पेंटागोनाइटच्या आहेत. दोन्ही भावंडं एकाच खड्यात! चल, रिक्षा कर.”

“कुठं?”

“सरांकडे!” त्या ओरडल्या. “आणखी कुठं?”

रिक्षात त्या सारख्या म्हणत होत्या, “सरांचं नाव लागणार, अरविंद, नाव लागणार.” मला काहीच उमगत नव्हतं. मॅडमचं वाचन बरोबर होतं. सरांचं वाचन चूक होतं. पण सरांनी दिलेलं नाव बरोबर होतं. मग मॅडमनी जे नाव दिलं ते चूक होतं का? तर तेही नाही.

काकूंनी दार उघडलं आणि मॅडमना बघून त्या तशाच उभ्या राहिल्या. सर आरामखुर्चीतून अर्धवट उठले. मॅडमनी उंबऱ्यातूनच एका दमात सगळं सांगितलं. मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. क्षणभर त्यावर पेढे वाटणारा माणूस येऊन गेला. मग ते परत खुर्चीत बसले.

“म्हणजे काय झालं?” काकूंनी विचारलं. “यांचं बरोबर होतं की चूक?”

“बरोबर!” मॅडम म्हणाल्या.

“चूक,” सर म्हणाले.

दोघं एकदमच बोलले.

“सर, खड्यात पेंटागोनाइट आहे. तुम्ही पेंटागोनाइट म्हणाला होतात. याला बरोबर नाही तर काय म्हणतात?”

“मी त्या कणाला पेंटागोनाइट म्हणालो होतो. तो कण कॅव्हन्साइट होता. तू सांगितलास तसा.”

“पण खडा—”

“खडा बरोबर होता, मृणालिनी. मी नव्हतो.”

“असं कसं? तुम्ही तो जपून ठेवलात म्हणून आज कळलं! दुसऱ्या कुणी केव्हाच फोडून विकला असता!”

“लाज वाटत होती म्हणून जपला. त्याचं काय कार्ड करतेस?”

सरांनी फोन उचलला आणि स्वतःच दस्तूरांना लावला. “दस्तूर, माझं नाव घालायचं नाही. घालायचंच असेल तर लिहा की हर्डीकरांनी याला कॅव्हन्साइट म्हटलं होतं.” मॅडमनी त्यांच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. “दस्तूर साहेब, यांचं काही ऐकू नका! पहिला पेंटागोनाइट हर्डीकर सरांचाच!” पलीकडून दस्तूरांचा वैतागलेला आवाज मलाही ऐकू आला. “अरे, तुम्ही दोघे आधी ठरवा, मग मला फोन करा!”

ते कधी ठरलंच नाही. मुंबईच्या त्या कार्डावर आजही फक्त दोन खनिजांची नावं आहेत, माणसाचं एकही नाही.

पण त्या दिवशी ते दोघं हटायला तयार नव्हते. मॅडम सरांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या, सरांनी टेबलावरचा कागद ओढला, त्यावर काच काढली, कोपरे काढले. मॅडमनी त्यावर फुली मारली. “सर, तुम्ही मूळ मुद्दा टाळताय.” “मी टाळत नाही, तू नेहमीसारखी घाई करतेस.” “नेहमीसारखी? कधी केली मी घाई?” आवाज चढत गेले. मी मध्ये पडायला गेलो तर दोघंही माझ्यावर खेकसले.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“भांडताहेत ना रे दोघं?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो काकू. फारच.”

काकूंनी पदरानं डोळे टिपले. “भांडू दे,” त्या म्हणाल्या. “मी चौघांचा भात टाकते.” आणि आत गेल्या.